सामाईक उद्यान प्रयोग : वनस्पतिविविधता व परिसंस्थेतील बदल यांच्या अभ्यासाची एक पद्धती

प्रस्तावना : एकाच जातीचे गवत एका ठिकाणी कमरेइतके वाढते, तर दुसरीकडे वीतभरच राहते. हा फरक आनुवंशिक की माती-पावसामुळे आलेला, हे केवळ क्षेत्रीय निरीक्षणावरून ठरत नाही. निरनिराळ्या ठिकाणचे बी एकाच जागी, सारख्या मातीत व पाण्यावर वाढविल्यास हा पेच सुटू शकतो. यालाच सामाईक उद्यान प्रयोग म्हणतात. येथेही टिकून राहणारा फरक प्रामुख्याने आनुवंशिक, तर नाहीसा होणारा परिस्थितिजन्य मानला जातो.

पूर्वपीठिका : स्वीडनमधील ट्युरेसन यांनी १९२२ मध्ये अशा प्रयोगांच्या आधारे 'इकोटाइप', म्हणजे स्थानिक परिस्थितीशी जुळलेला जातीअंतर्गत प्रकार, ही संकल्पना मांडली. पुढे क्लॉसेन, केक व हिसी यांनी कॅलिफोर्नियात समुद्रसपाटीजवळ, सुमारे १४०० मीटरवर व सुमारे ३००० मीटरवर तीन उद्याने उभारली. उंच पर्वतावरील वनस्पती सखल उद्यानातही बुटक्याच राहिल्या, असे त्यांना आढळले.

कोल्हापूर जिल्ह्याचा संदर्भ : पश्चिमेस गगनबावड्यात वार्षिक पाऊस ५००० मि.मी.च्या आसपास, तर पूर्वेस शिरोळमध्ये तो ५०० मि.मी.च्या आसपास असतो. कोल्हापूर शहरालगतचे उचगाव या दोहोंच्या मध्ये येते. कुसळीसारख्या विस्तृत प्रसार असलेल्या गवताचे बी दोन्ही टोकांकडून आणून उचगावात पेरल्यास गगनबावड्याच्या रोपांना कमी, तर शिरोळच्या रोपांना अधिक पाऊस मिळेल. पाऊसमान बदलल्यास कोणते वाण तग धरेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

दक्षता : मातृवनस्पतीच्या पोषणाचा परिणाम बियांतून उतरतो, म्हणून एक पिढी उद्यानातच वाढवून तिचे बी वापरणे इष्ट. वाफ्यांची मांडणी यादृच्छिक असावी. परके वाण स्थानिक गवतात मिसळू नये, यासाठी बी पक्व होताच गोळा करावे. एकाच उद्यानावरून स्थानिक अनुकूलन सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही मूळ ठिकाणीही तेच वाण लावून तुलना करावी लागते.

समारोप : टेकड्यांवरील वृक्षलागवडीत रोपाची जात पाहिली जाते, बी कोठले, हे क्वचितच विचारले जाते. स्थानिक वाण नष्ट झाले तरी जातींची यादी पूर्ण दिसते, मात्र बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची क्षमता घटलेली असते. ही न दिसणारी हानी ओळखण्याचे साधन महाविद्यालयीन परिसरातील काही वाफ्यांतूनही उभे राहू शकते.