तारेवरचा कापूस

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाचा मूर्तिजापूरला आला होता. रात्री जेवणं आटोपल्यावर गच्चीवर त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. "मामा, पाहा ना, हे बाई काय वाजवून राह्यली?"

समोर युरोपातलं कुठलंसं चिखलानं माखलेलं मैदान होतं. काळे सदरे घातलेली हजारो माणसं, मंचावर गिटारवाले, मागं ढोलांच्या भिंतीआड बसलेला वादक. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक तरुणी. तिच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली लाकडी पेटी. उजव्या हातानं ती पेटीची मूठ जात्यासारखी फिरवत होती, डाव्या हातानं कडेच्या पट्ट्या दाबत होती. गिटारींच्या गदारोळातून तिच्या वाद्याचा सनईसारखा सूर थेट कानाशी येत होता.

त्या वाद्याचं नाव हर्डी-गर्डी. युरोपच्या खेड्यांत शतकानुशतकं जत्रांमधून, लग्नांमधून वाजत आलेलं. पेटीच्या आत लाकडी चाक असतं, त्याला राळ लावलेली असते. मूठ फिरली की चाक तारांना घासतं, म्हणजे व्हायोलिनच्या गजाचं काम चाक करतं. पण चाक नुसत्या तारेवर घासलं तर तार करकरते. म्हणून चाक जिथं टेकतं नेमकं तिथं तारेभोवती कापसाचे तंतू गुंडाळतात. कापूस कमी पडला तर आवाज खरखरतो, जास्त झाला तर सूर गुदमरतो. हवा दमट झाली की पुन्हा सगळं सोडून नव्यानं गुंडाळायचं. जाणते वादक त्यासाठी लांब धाग्याचा कापूस निवडून घेतात.

हे कळलं आणि या संगीताशी माझं नातं जुळलं. कापूस म्हटला की वऱ्हाडी माणूस दोन पावलं पुढं येतोच. आमच्या स्टेशनातून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे निघायची ती शकुंतला रेल्वे या कापसासाठीच टाकली गेली होती. अरुंद रुळांची ही गाडी ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं होतं आणि एप्रिल १९९४ पर्यंत ते आमच्या रानातून धावत होतं. इथला कापूस इंग्लंडला, तिथलं लोखंड इथं. त्याच कारखान्यांच्या इंग्लंडात, बर्मिंगहॅमला, हेवी मेटल, म्हणजे मोबाइलवरच्या त्या गिटारींच्या गदारोळाचं संगीत, जन्मलं. टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराची पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात दोन बोटांची टोकं तुटली. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली. तारा ताणलेल्या ठेवल्या तर दुखायचं, म्हणून पुढं त्या सैल केल्या. त्या सैल तारांचा जाड, काळोखा आवाज म्हणजे त्याचा बँड, ब्लॅक सबाथ. त्यांची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये आली. कामगाराच्या जखमी हातातून आलेलं हे संगीत आहे, हे त्याला नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

या लोखंडी आवाजाला गावाकडचं गाणं जोडलं गेलं ते वीस वर्षांनी. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधला स्कायक्लॅड हा बँड १९९० मध्ये निघाला, त्यानं व्हायोलिन आत घेतलं. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या क्रूअकननं १९९५ च्या आपल्या पहिल्या तबकडीत आयरिश पुराणकथा आणि लोकधून मेटलमध्ये आणली. फिनलंडच्या कोर्पिक्लानी या बँडच्या नावाचाच अर्थ अरण्यकुळ. एस्टोनियाचे मेट्सातोल पखालीची बासरी, म्हणजे बॅगपाइप, फुंकतात. मंगोलियाचे द हू टोकाला घोड्याचं मुंडकं कोरलेलं सारंगीवजा वाद्य वाजवत घशातून दोन सूर एकदम काढतात. आणि भाच्याच्या मोबाइलवर दिसत होता तो स्वित्झर्लंडचा एलुवेटी, २००२ पासून उभा असलेला.

एलुवेटीपाशी जरा थांबतो, कारण त्यांचं काम नुसत्या वाद्यांपुरतं नाही. त्यांची काही गाणी गॉलिश भाषेत आहेत. सीझरनं जिंकलेल्या केल्टिक लोकांची ही भाषा बोलणारा शेवटचा माणूस जाऊन चौदाशे वर्षं तरी झाली असतील. दगडांवर, शिशाच्या पत्र्यांवर, मडक्यांवर कोरलेले लेख तेवढे उरले. त्यांवरून अभ्यासकांनी शब्द जुळवले आणि २००९ मध्ये एलुवेटीनं जवळजवळ अख्खी तबकडी त्या मेलेल्या भाषेत गायली. पुढच्या एका तबकडीत, २०१२ मध्ये, त्यांनी हेल्वेटी टोळ्यांचं सीझरशी झालेलं युद्ध हरलेल्यांच्या बाजूनं सांगितलं. त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं एका जुन्या ब्रेटन लोकगीताच्या चालीवर बांधलेलं आहे. मैदानातली वीस वर्षांची पोरं ती चाल एका सुरात गातात.

हे जुळतं कसं, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर आपल्या तंबोऱ्यात आहे. मेटलचा गिटारवाला बहुतेक वेळा फक्त षड्ज आणि पंचम वाजवतो. आवाज यंत्रातून फाडून जाड केला की त्यात गंधार घातला तर सगळं गढूळ होतं, म्हणून तो गाळतात. उरतो सा आणि प, म्हणजे तंबोऱ्याचीच बैठक. हर्डी-गर्डीच्या बाजूच्या तारा आणि पखालीच्या बासरीच्या जादा नळ्याही एकच सूर अखंड धरून ठेवतात, तुणतुण्यासारखा. त्या पक्क्या जमिनीवर लोकधून मोकळी चालते. आयरिश नाचाच्या कितीतरी चाली सहाच्या लयीत असतात, आपला दादरा तोच. खाली पायांनी वाजणारे दोन ढोल, वर ती झुलती सहाची लय. लोकसंगीत मुळात सुरावटीचं. त्याला खालून आधार हवा असतो, आणि मेटल तो पुरेपूर देतं.

या प्रकाराला तिकडं फोक मेटल म्हणतात. जुने देव, ऋतूंचे सण, अरण्य हा विषय असला तर पेगन मेटल. पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे देव पूजणारा. हा शब्द लॅटिन 'पागानुस'पासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे खेडूत. शहरं नव्या धर्मात गेली, खेड्यांनी आपले ओढे, झाडं, शिवेवरचे दगड सोडले नाहीत. ज्यांच्या शिवेवर अजून म्हसोबाला शेंदूर लागतो, मरीआईपुढं नारळ फुटतो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. केल्टिक लोकांचा सामहेन हा सण ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होतो. उन्हाळाभर कुरणात राहिलेली गुरं घरी आणायची, पूर्वजांची आठवण करायची, आगट्या पेटवायच्या. आपल्या वसुबारसेच्या आसपासच तो येतो.

आता हे संगीत जिथं वाजतं त्या एका महोत्सवाबद्दल. उत्तर जर्मनीत वाकेन नावाचं गाव आहे, वस्ती सुमारे दोन हजार. ऑगस्ट १९९० मध्ये तिथल्या दोन मित्रांनी, थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युब्नर यांनी, गावच्या खडीच्या खाणीत सहा बँड बोलावले. आठशेच्या घरात माणसं आली. आज दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला तिथं ऐंशी-पंच्याऐंशी हजार लोक शेतांत तंबू ठोकून राहतात. जगभरचे फोक आणि पेगन मेटल बँड तिथं येऊन गेले. २०२३ साली इतका पाऊस झाला की चिखलामुळं नव्या लोकांना आत घेणं थांबवावं लागलं. मला मात्र सगळ्यांत आवडली ती एक गोष्ट: महोत्सवाच्या आरंभी गावच्या अग्निशमन दलाची पितळी वाद्यांची बँड पार्टी वाजवते. गावातले, घरून गणवेश घालून आलेले लोक. त्यांच्यापुढं काळ्या कपड्यातली परदेशी पोरं नाचतात. गाव महोत्सवाला नुसती जागा देत नाही, तो आपला मानतं. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला निघणाऱ्या कावडी ज्यांनी पाहिल्या आहेत, रात्रभर अनवाणी चालणारी पोरं आणि त्यांना रस्त्यात चहा देणारी घरं पाहिली आहेत, त्यांना वाकेन परकं वाटणार नाही.

आपल्याकडं हे संगीत रुजलं ते मुंबईत. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा. उघडं सभागृह, स्वस्त तिकीट, लोकलनं येणारी कॉलेजची पोरं. शेजारी रुग्णालयं आणि शाळा-कॉलेजं आहेत म्हणून तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि २००३ च्या सुमारास रंगभवन गाण्याला बंद झालं. रुग्णांची बाजू खरीच होती, पण तसं दुसरं रंगभवन कुणी बांधलं नाही, ही खंत आहे. मुंबईच्याच डेमॉनिक रिझरेक्शन या बँडनं २०१७ मध्ये दशावतारांवर अख्खी तबकडी केली, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. कथा आपली, भाषा इंग्रजी. दिल्लीचा ब्लडीवूड ढोल आणि बासरी घेऊन, हिंदी-पंजाबी-इंग्रजीत गात २०१९ साली वाकेनच्या मंचावर पोचला. महाराष्ट्रात अभंग रिपोस्ट या बँडनं संतांच्या अभंगांना इलेक्ट्रिक गिटार आणि बास जोडला. तो मेटल नव्हे, रॉकच्या जवळचा. तरी मराठी शब्द सांभाळून हे करता येतं हे त्यांनी दाखवलं.

या संगीताची एक काळी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. 'आमची जुनी भूमी, आमचे जुने देव' म्हणता म्हणता काही जण 'आमचं रक्त' म्हणू लागले. नॉर्वेत ६ जून १९९२ रोजी फान्टोफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं, आणि त्यानंतर आणखी चर्च जळाली. ब्लॅक मेटल या मेटलच्या जहाल प्रकारातल्या तिथल्या काही जणांचा त्यात हात होता. नाझी खुणा मिरवणारे बँडही पेगन नाव लावतात. चांगले महोत्सव त्यांना दारातून परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडं हा प्रश्न आणखी खोल जातो. युरोपात रोमी शहरानं खेडुताला बाहेर ठेवलं. आपल्या खेड्यानं आपल्यातल्याच माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं, आणि डफ-हलगी वाजवण्याचं काम त्यांच्यावर लादलं. लग्नाच्या मांडवापुढं वाजवायचं, पण मांडवात यायचं नाही. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर त्यांच्यातल्या अनेकांनी ती वाद्यं जाणीवपूर्वक खाली ठेवली. तो स्वाभिमान होता. त्यांनी नवं गाणं उभं केलं, भीमगीतांचं, जलशांचं, आणि वऱ्हाडच्या कितीतरी गावांत तेच आज सर्वांत जिवंत गाणं आहे. म्हणून कुणी पोरगा 'लोकवाद्य' म्हणून डफ उचलणार असेल तर त्यानं हे जाणून उचलावा. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं, ते कडब्याच्या जाळावर शेकून पुन्हा ताणतात. वाद्य जिवंत करायची ती आग कुणाच्या अंगणात पेटायची, हेही त्यानं विचारावं.

आणि आमची खंजिरी. लाकडी कडं, एका बाजूला कातडं, कडेला झणझणणाऱ्या चकत्या. आयर्लंडच्या बौरान या वाद्याची ही धाकटी बहीण शोभेल. त्यातही एका बाजूला कातडं असतं, मागून हाताचा दाब देऊन सूर चढवतात-उतरवतात, फक्त वाजवतात काडीनं. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर अख्खा वऱ्हाड जागवला, आणि १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाताना खंजिरी सोबत नेली. गाडगेबाबांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडं गेलं. त्यांच्या कीर्तनात बाबा प्रश्न विचारायचे आणि हजारोंचा जमाव एका आवाजात उत्तर द्यायचा. मंचावरून एक हाक, मैदानातून हजारांचा प्रतिसाद. वाकेनचे गायक जे साधायला धडपडतात ते बाबांनी ध्वनिवर्धक नसताना साधलं होतं. विषय कर्जाचे, दारूचे, अस्वच्छतेचे, आणि भाषा निव्वळ वऱ्हाडी.

माझं मत स्पष्ट आहे. मेटलच्या गाण्यात मधे दोन ओळी बासरी टाकली म्हणजे फोक मेटल होत नाही, ती नुसती वरून पेरलेली कोथिंबीर. जे बँड टिकले त्यांनी चाल, भाषा आणि गोष्ट तिन्ही आपल्या मातीतून घेतली. वऱ्हाडीला गॉलिशसारखं दगडांवरून वेचावं लागत नाही, ती आज बाजारात, शेतात, एसटीत बोलली जाते. मेळघाटात कोरकू बोलली जाते, मुंडा कुळातली, आपल्या मराठीहून अगदी निराळी. या भाषांत मोठ्या आवाजाचं, आजचं, तरुण पोरांचं गाणं यावं, असं मला मनापासून वाटतं.

भाच्याकडं गिटार आहे. अकोल्यात, अमरावतीत अशा गिटारी घरोघरी आहेत. त्या सगळ्या पोरापोरींना एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात खंजिरी भजनाचं मंडळ असेल, किंवा विहारात भीमगीतांची तालीम चालत असेल, तिथं जा. गिटार बरोबर न्या, पण पहिले चार वेळा ती पिशवीतच राहू द्या. पाचव्यांदा, मंडळातले काका स्वतः म्हणतील तेव्हा, सा आणि प लावून बसा.