आजोबांचें कर्म व नातवांचें कपाळ

ता. २१ आक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांस फांशी देण्यांत आलें. त्याच वर्षींच्या एप्रिलांत चिंचगुडीनजीक त्यांच्या व अडपल्ली-घोटच्या व्यंकटरावांच्या मंडळीनें तारायंत्राच्या कामावरील गार्टलंड व हॉल या दोघां साहेबांस ठार केलें होतें. डेप्युटी कमिशनर क्रिचटन यांनीं जमीनदारी जप्त करण्याची धमकी देतांच अहेरीच्या लक्ष्मीबाईंनीं बाबूरावांस धरून दिलें व बक्षिसादाखल गांवें मिळविलीं. व्यंकटराव बस्तरांत पळाले. १८६० सालीं तेही सांपडले व त्यांस जन्मठेप झाली.

इंग्रजांच्या दफ्तरीं शेडमाके ‘बंडखोर’ ठरले; पुढें राज्य पालटलें, तेव्हां ते ‘वीर’ झाले, आणि २००९ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट निघालें. कृत्य तेंच, विशेषण मात्र सरकारागणिक बदललें! वंशजांनीं पूर्वीं शिव्या खाल्ल्या त्याही फुकट, आणि आज हार मिळतात तेही फुकटच. अहेरीकरांस उणेंदुणें बोलणारांनींही हाच न्याय लावावा. लक्ष्मीबाईंचा करार पणतूच्या सहीनें झालेला नव्हता.

हा जुना इतिहास आम्ही उकरून काढतों, याचें कारण ताजें आहे. १९८० च्या सुमारास या रानांत नक्षलवादी शिरले. ता. १५ आक्टोबर २०२५ रोजीं त्यांचा म्होरक्या भूपती यानें साठ साथीदारांसह गडचिरोलींत मुख्यमंत्र्यांपुढें शस्त्रें ठेविलीं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत आरंभींचे बंदूकवाले आजोबांच्या वयास पोंचले. कित्येक गांवांत बंदूक धरणाराचा नातू आणि ‘खबऱ्या’ म्हणून मारिल्या गेलेल्याचा नातू एकाच आश्रमशाळेच्या एकाच बांकावर बसतात. बंडखोर आणि फितूर, १८५८ चे हे दोन्ही शिक्के पुन्हा पोरांच्याच कपाळीं!

शस्त्र ठेवणारास सरकार पैसा, घर व काम देतें. तें योग्यच आहे; सूड घेत बसल्यानें रान शांत होत नाहीं. परंतु ज्यानें शस्त्र कधीं उचललेंच नाहीं त्या नातवानें शरण कोठें जावें? वर्तणुकीचा दाखला देतांना ठाणेदारानें अर्जदाराची वर्तणूक पहावी, त्याच्या आजोबांची नव्हे, एवढें साधें परिपत्रक काढण्यास तिजोरींतील एक पैही लागणार नाहीं.

आणि केवळ सरकारलाच बोल कां लावावा? आलापल्लीच्या वखारींत किंवा गडचिरोलीच्या पेढीवर नोकरी मागावयास आलेल्या पोरास ‘तूं कोणाचा?’ हें आधीं विचारतात. ‘तुला काय येतें?’ हें मागाहून. आमच्या व्यापारी वाचकांनीं निदान या प्रश्नांचा क्रम तरी बदलावा.