दगडी वाटेवरची सायकल: चाक कसे पारखावे



यंदा थंडीत मंडळातल्या तरुण मुलांचे सायकलने डांगात जायचे घाटत आहे. तेव्हापासून चार-पाच घरांतून मला एकच प्रश्न आला आहे, ‘काका, मुलाला माउंटन बाइक घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ मी काही सायकलीचा जाणकार नव्हे. आयुष्य बँकेत गेले, शिक्षण बी.कॉम. पण निवृत्तीनंतर सायकल हाती धरली, आणि चाकाबद्दल जे शिकलो ते घरातल्या एका अपघातामुळे शिकावे लागले. म्हणून सबंध सायकलीबद्दल न लिहिता फक्त चाकाबद्दल लिहितो. बाकीचे दुकानदार सांगतोच. चाकाबद्दल कोणी काही सांगत नाही.

अपघात माझ्या भाच्याचा. पदवी मिळाली म्हणून त्याला सायकल मी घेऊन दिली आणि पसंतही मीच केली. एकवीस गिअर, पुढे-मागे शॉकअप, फ्रेमवर झकास रंग. कर्जाच्या अर्जात तारण तपासायची सवय असलेला माणूस मी, पण त्या दिवशी रंग बघून सही केली. वर्षभर सायकल उत्तम चालली. चालणारच, कारण आपले सुरत म्हणजे तापीच्या गाळावर वसलेले सपाट गाव. डुमसपर्यंत जाऊन या, वाटेत दगड म्हणून लागत नाही. मधे मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, ते कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बदलले आणि म्हणाला, ‘कंई नी थाय, काका.’

मग पोरे सापुताऱ्याला गेली. सुरतेहून सुमारे 160 किलोमीटर. बिलिमोरा, वांसदा, वघई इथपर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढे सापुताऱ्याच्या अलीकडे त्यांनी एका पाड्यावरून खाली उतरणारी कच्ची वाट धरली. डांगातला दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा बेसाल्ट. तो झिजत नाही, फुटतो, आणि फुटला की धारदार कोपरे राहतात. उतारावर मागचे चाक एका दगडावरून दाणकन खाली आले आणि पापडासारखे वळले. चाक फ्रेममध्ये अडकले, भाचा हँडलवरून पुढे. गळ्याजवळचे हाड मोडले. एका पिकअपवाल्याने त्याला आणि सायकलीला वघईपर्यंत आणून सोडले. आमच्या ताईने (त्याच्या आईने) मला त्या दिवशी फोनवर एकही वाकडा शब्द सुनावला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

ते मोडके चाक मी घरी आणून ठेवले आणि हळूहळू उलगडत गेलो.

पहिली गोष्ट रिमची. ती सिंगल वॉल होती, म्हणजे अॅल्युमिनियमची एकच पट्टी वाकवून केलेली. डबल वॉल रिममध्ये दोन थर असतात आणि मधे पोकळी. चौकोनी पाइप वाकवणे आणि सपाट पट्टी वाकवणे यात जो फरक, तोच इथे आहे. ओळखायची खूण सोपी आहे. टायर-ट्यूब काढून आतली पट्टी बाजूला करा. निपलचे डोके लगेच वरच दिसले तर सिंगल, खोल भोकात खाली दिसले तर डबल. दुकानदार टायर काढून दाखवायला कुरकुर करील, तरी काढायला लावा. दगडी वाटेसाठी सिंगल वॉल रिम घेऊच नये, या बाबतीत माझ्याकडून सवलत नाही.

दुसरी गोष्ट जास्त मजेची आणि मला स्वतःला खरी वाटायला वेळ लागला. आपला समज असा की सायकलीचे चाक बैलगाडीच्या चाकासारखे असते, खालच्या आऱ्यांवर वजन उभे राहते. बैलगाडीत तसेच असते, लाकडी आरा दाब सोसतो. पण सायकलीचा स्पोक म्हणजे दोन मिलिमीटरची तार, ती दाब काय सोसणार? चाक बांधतानाच सगळ्या तारा ताणून ठेवलेल्या असतात. मागच्या चाकात चेनच्या बाजूला हा ताण चांगल्या अलॉय रिमवर साधारण 100 ते 120 किलो इतका असतो. आपण बसलो की जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, आणि चाक पुढे फिरले की परत भरून येतो. खात्यात शिल्लक चांगली असली की थोडी रक्कम काढल्याने बिघडत नाही, तसे. पण मुळात तार सैल असेल तर दगडावर आपटताना तिची शिल्लक शून्यावर येते. त्या क्षणी रिमला बाजूने धरून ठेवणारे कोणी उरत नाही आणि चाक वळते.

एक हिशेब मांडतो. 29 इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण 2.28 मीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे 438 फेरे, शंभर किलोमीटरला जवळजवळ 44 हजार. दर फेऱ्याला प्रत्येक तार एकदा सैलावते आणि एकदा ताणली जाते. तार सैल असली की हबमधून वाकून बाहेर येते त्या कोपराशी ती थकून तुटते. भाच्याचे दोन्ही स्पोक तिथेच तुटले होते, आणि दोन्ही मागच्या चाकाचे, चेनच्या बाजूचे. एक स्पोक तुटला तर दगड लागला असेल म्हणून सोडून द्यावे. दुसरा तुटला की समजावे की सबंध चाकच नीट ताणलेले नाही. आम्ही मात्र तुटलेली तार तेवढी बदलली. बुडीत खात्यात नवे कर्ज टाकून जुने वळते करण्यासारखेच झाले ते.

मशीनवर घाईत बांधलेल्या स्वस्त चाकांत ताण कमी-जास्त असतो. चाक वरून सरळ फिरते, पण एक तार घट्ट आणि शेजारची ढिली असू शकते. म्हणून नवी सायकल घेतल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर चांगल्या मेकॅनिककडून एकदा आउट काढून, सगळ्या तारा पुन्हा ताणून घ्याव्यात. नवे चाक घेण्यापेक्षाही हे काम जास्त उपयोगी पडते, आणि नेमके तेच कोणी करत नाही. घरी तपासायचे असेल तर नखाने तार छेडून आवाज ऐका. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकाच्या डाव्या-उजव्या बाजूंचा सूर वेगळाच येतो, तो दोष नव्हे. चेनच्या बाजूला गिअरमुळे जागा कमी मिळते, म्हणून तिकडच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात.

स्पोक किती असावेत? आजकाल 28 आणि 24 ची फॅशन आहे, चाक हलके होते म्हणून. स्पर्धेत पळणाऱ्यांनी घ्यावे. आपल्या मुलांना 32 पुरे. वजन नव्वद किलोच्या पुढे असेल, किंवा पाठीवर-कॅरिअरवर सामान असेल, तर मिळाल्यास 36 घ्यावे. तार स्टेनलेस स्टीलची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली तार सुरतेच्या खाऱ्या हवेत लवकर काळवंडते. लोहचुंबक लावून मात्र पारखू नका. स्टेनलेस तार ओढून बारीक करताना तीही थोडी चुंबकाला धरते, त्यामुळे चांगल्या मालावर उगीच शंका येते. निपल पितळेचा घ्यावा. अॅल्युमिनियमचा निपल काही ग्रॅम वाचवतो, पण हजिरा-डुमसच्या वाऱ्यात दोन पावसाळे काढले की तो रिममध्ये असा धरतो की पाना लावला तर डोकेच गोल होते.

आता हब. मोडलेल्या चाकाचा एक्सलही वाकलेला निघाला, आणि तो आधीपासून वाकलेला असावा. कारण त्या हबवर फ्रीव्हील होते. फ्रीव्हीलमध्ये गिअरचा सगळा गठ्ठा हबच्या बाहेर आटे फिरवून बसवतात, त्यामुळे चेनच्या बाजूचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचा बराचसा तुकडा आधाराशिवाय बाहेर लोंबतो. आपटले की तिथेच वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये टकटक करणारा भाग हबचाच असतो आणि छर्रे पार बाहेरच्या टोकाशी बसतात, म्हणून एक्सल टिकतो. दुकानात एकच विचारा, ‘मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट?’ मागे सात चकत्या असतील तर बहुधा फ्रीव्हील, नऊ किंवा जास्त असतील तर बहुधा कॅसेट. पण विचारून खात्री करा. गिअर एकवीस आहेत की चोवीस यापेक्षा हे उत्तर महत्त्वाचे.

हबमध्ये सील बेअरिंग चांगले की सुटे छर्रे, यावर मुले तावातावाने बोलतात. माझे मत जरा जुन्या वळणाचे आहे. अंबिका, पूर्णा, खापरी या नद्यांच्या काठाने फिरायचे म्हणजे हबमध्ये पाणी जाणारच. सुटे छर्रे असलेला हब कोणत्याही गावातला मेकॅनिक उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून देतो. सील बेअरिंग जास्त दिवस बिनतक्रार चालते, पण बिघडले की नेमक्या नंबरचे मिळवावे लागते. पावसाळ्यानंतर हब उघडून घ्यायची शिस्त असेल तर छर्ऱ्यांना कमी लेखू नका.

कार्बनच्या रिमबद्दल लिहीत नाही. ज्यांना परवडते त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

नुसते चाक बदलायचे असेल तर आधी आकडे जुळवा. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत 57-584 किंवा 57-622 असे छापलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमच्या बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 559 म्हणजे आपले जुने 26 इंची, 584 म्हणजे साडेसत्तावीस, 622 म्हणजे 29. इंचांवर विसंबू नका. शाखेचे नाव सारखे असले तरी पैसे आयएफएससी कोड बघूनच पाठवतो ना, तसा हा आकडा बघा. शिवाय एक्सल क्विक रिलीजचा की थ्रू एक्सलचा, त्याची जाडी आणि लांबी किती, डिस्क सहा स्क्रूंची की सेंटरलॉक, आणि कॅसेट कोणत्या जातीची, हे फोटो काढून दुकानदाराला दाखवा. ऑनलाइन मागवून परत पाठवायचा मनस्ताप माझ्या ओळखीच्या दोघांनी सोसला आहे.

29 इंची चाक दगडावरून सहज चढून जाते. पण उंची कमी असेल, विशेषतः आपल्या मुलींसाठी, तर साडेसत्तावीस हाताळायला बरे. रिमची आतली रुंदी 25 ते 30 मिलिमीटर असली की सव्वादोन-अडीच इंची टायर नीट बसतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर वळणावर तो कुशीवर कलंडतो.

आणि हवा! चांगले चाकही चुकीच्या हवेने मरते. पेट्रोल पंपावर पोरगा पन्नास-साठ पौंड भरून देतो. दगडावर असा टायर टणाटण उडतो आणि प्रत्येक धक्का सरळ तारांना जातो. फारच कमी भरली तर दगड टायर दाबून रिमला भिडतो, रिमला खोक पडते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. सत्तर किलोच्या माणसाने सव्वादोन इंची टायरमध्ये, ट्यूब असेल तर, तीसच्या आसपास ठेवून बघावे, मागे थोडी जास्त, आणि मग दोन-दोन पौंडांनी आपल्याला जमेल तसे ठरवावे. ट्यूबलेस केले तर आणखी कमी चालते. पण आतले सीलंट आपल्या उन्हात वाळते, दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे लागते.

भाच्याचे हाड जुळल्यावर आम्ही मागचे चाक नव्याने बांधून घेतले. डबल वॉल रिम, 32 स्टेनलेस स्पोक, पितळी निपल, कॅसेटचा हब. स्पोक तीनदा एकमेकांना ओलांडतील अशी विणकाम-पद्धत. डिस्क ब्रेक हबला पिळतो, तो पीळ तिरप्या ताराच घेतात, म्हणून सरळ उभ्या तारांचे देखणे चाक डिस्कला चालत नाही. बांधणारे मेकॅनिककाका सत्तरीचे. त्यांनी अर्धा दिवस घेतला, मधे दोनदा चहा झाला, आणि शेवटी चाक आडवे ठेवून कडेवर हातांनी जोर दिला. तारा करकरल्या, बसल्या. मग पुन्हा आउट काढला.

ताईने परवानगी दिली ती एका अटीवर, पहिल्या खेपेला मीही सोबत जायचे. गेलो. सापुताऱ्यापासून पुढे बागलाणात साल्हेर दिसेपर्यंत. 1670 साली महाराजांची फौज सुरतेहून याच बागलाणातून परतली, तेव्हा घोड्यांच्या नालांची काय अवस्था झाली असेल, असा विचार त्या दगडांवरून जाताना मनात आला. साल्हेर 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आला, त्यामुळे आता तिकडे गर्दी वाढेल. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढावी, हे तरुण मंडळींनी लक्षात ठेवावे. त्या खेपेपासून भाच्याचा एकही स्पोक तुटलेला नाही. माझा एक तुटला.

सहलीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी मंडळाच्या सभागृहात बसणार आहे. स्पोकचा पाना, हवेचे मीटर आणि ग्रीसचा डबा माझ्याकडे आहे. ज्यांना चाक दाखवायचे असेल त्यांनी सायकल धुऊन आणावी, आणि मुलांबरोबर एका पालकानेही यावे.