गर्भवतीच्या वजनाचा जमाखर्च

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, मोहोळच्या अलीकडे, चिंचोळी एमआयडीसीचे कारखाने लागतात. सायंकाळी पाळी सुटल्यावर त्यांच्या फाटकांतून जो समुदाय बाहेर पडतो, त्यात पाचव्या महिन्यातल्या दोन स्त्रिया आहेत अशी कल्पना करू. एक दिवसभर उभी राहून मालाची बांधाबांध करते आणि घरी गेल्यावर पाणी, धुणे व स्वयंपाक तिच्याच माथी असतात. दुसरी दप्तरात खुर्चीवर बसून आवक-जावकीच्या नोंदी करते आणि दुचाकीवरून घरी परतते. दोघींनाही वडीलधारी मंडळी एकच उपदेश करतात : आता दोन जिवांची आहेस, दोघांपुरते खा. उपदेश मायेचा खरा; परंतु या दोघींना एकच माप लावणे पोषणशास्त्राला मान्य नाही.

वाढलेले वजन जाते कोठे, हे आधी पाहू. फ्रँक हायटन या शास्त्रज्ञाने साडेबारा किलोंच्या वाढीचे जे पृथक्करण केले, त्यात बालकाच्या वाट्याला सुमारे ३.४ किलो येतात; वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय, स्तन, रक्त व शरीरातील इतर द्रव मिळून पावणेसहा किलोंच्या आसपास होतात; आणि उरलेले सुमारे ३.३ किलो म्हणजे पुढील स्तनपानाची तजवीज म्हणून मातेच्या अंगी साठलेली चरबी होय. ही वाढ किती असावी, हे गर्भधारणेपूर्वीच्या बांध्यावर अवलंबून असते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली कृश स्त्रीसाठी १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या स्त्रीसाठी ११.५ ते १६, वजनदार स्त्रीसाठी ७ ते ११.५ आणि स्थूल स्त्रीसाठी ५ ते ९ किलो अशा मर्यादा घातल्या. आपल्याकडे, स्त्रियांचा बांधा मुळातच लहान असल्याने, सर्वसाधारणपणे १० ते १२ किलो वाढ इष्ट मानतात. त्यासाठी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दररोज ३५० किलोकॅलरी अधिक आहार सुचविला. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी वाणाची ज्वारी याच परिसरातली. तिची एक भाकरी व पेलाभर दूध एवढ्यात तो हिशेब जवळजवळ पुरा होतो. दोघांपुरते खाणे तर फार दूर राहिले.

परंतु केवळ उष्मांक मोजून भागत नाही, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचे जे दीर्घ निरीक्षण आरंभिले, त्यातील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे वजन सरासरी सुमारे ४२ किलो होते व त्यांची बालके सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरली. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके मोठी भरली; उलट पाणी भरणे, कपडे धुणे, शेतात राबणे यांचा भार ज्यांच्यावर अधिक, त्यांची बालके लहान निघाली. आणखी एक गोष्ट उघड झाली : ही बालके किरकोळ दिसत असली, तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने पुष्कळच टिकून होती, आणि मधुमेहाची बीजे येथेच असावीत, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

मुंबईच्या गरीब वस्त्यांतील ‘सारस’ प्रकल्पाने पुढचे पाऊल टाकले. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांचा अल्पोपाहार नित्य दिला. तेव्हा बालकांच्या सरासरी वजनात एकंदरीने फारसा फरक पडला नाही, मात्र गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळले. उशिरा आरंभिलेल्या खुराकापेक्षा वेळीच सुधारलेल्या आहाराचे मोल अधिक, हा त्यातला बोध.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना गर्भवतीला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांची शिफारस करते. जगभरच्या ३६ चाचण्यांतील बारा हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी एकत्र तपासल्या असता, आहार व व्यायामाच्या मार्गदर्शनाने वजनाची वाढ सरासरी ०.७ किलोने कमी झाली आणि शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाणही घटले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लाभ माफक, पण खरा. खुर्चीवर बसणाऱ्या आपल्या दुसऱ्या स्त्रीला, डॉक्टरांची हरकत नसेल तर, रोज अर्धा तास चालणे व गोडधोडाला आवर घालणे हाच सल्ला योग्य. पहिलीला मात्र तोच सल्ला देणे हा विपर्यास होय, कारण तिच्या देहाला श्रमांची कमतरता नसून विश्रांतीची आहे. तिच्यासाठी दुपारी टेकायला जागा, डब्यात डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि घरातील कोणीतरी उचललेली पाण्याची घागर, हेच औषध.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने, स्त्रीने विनंती केल्यास, प्रसूतीपूर्वीच्या सुमारे दहा आठवड्यांत तिला कष्टाचे अथवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देण्यास मनाई केली होती. पण पाचव्या महिन्यातली बांधाबांध त्या मनाईच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणून आशा सेविकेने, अंगणवाडीने अथवा कारखान्याच्या दवाखान्याने वजनकाट्यावरील आकडा लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : गर्भ राहण्यापूर्वी तुझे वजन किती होते, आणि दिवसभर तू काय काम करतेस? या दोन उत्तरांवाचून दिलेला आहाराचा तक्ता, मग तो कितीही शास्त्रीय असो, या दोघींपैकी एकीचे नुकसान केल्यावाचून राहणार नाही.