बर्फावरील हॉकीचे दोन चषक

हॉकी म्हटली कीं आपणांपुढें धुळीचें मैदान, वांकडी काठी आणि पांढरा चेंडू हीं उभीं राहतात. परंतु अमेरिकेच्या ईशान्य भागांत हिवाळा इतका कडक असतो कीं तळीं गोठून दगडासारखीं होतात, आणि तेथील मुलें लहानपणापासून त्या बर्फावरच हॉकी खेळूं लागतात. हीच मुलें मोठीं होऊन कॉलेजांत गेलीं म्हणजे तोच खेळ छपराखालीं, यंत्रांनीं गोठविलेल्या मैदानावर, हजारों प्रेक्षकांसमोर चालतो. अशा बारा कॉलेजांच्या वार्षिक सामन्यांची हकीकत आम्ही आज सांगणार आहों. केवळ एका परदेशी खेळाचें कौतुक करावें एवढाच आमचा हेतु नाहीं. वर्षभर केलेलें काम मोठें, कीं ठरलेल्या दिवशीं दिलेली कसोटी मोठी, हा प्रश्न निकाल लागला म्हणजे आपल्या घराघरांत निघतो. त्या प्रश्नाला या कॉलेजांनीं आपल्या सामन्यांच्या रचनेंत जें उत्तर दिलें आहे, तें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि विचारांत घेण्यासारखें आहे.

प्रथम खेळ समजून घेऊं. मैदान सुमारें २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असून त्याच्या सभोंवतीं उंच कठडा असतो. चेंडूच्या जागीं कठीण रबराची एक चपटी चकती असते; तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास ३ इंच व जाडी १ इंच. खेळाडूंच्या बुटांना खालीं पोलादी पातीं असतात, व त्यांवर ते वाऱ्यासारखे घसरत जातात. आपल्या हॉकींत अकरा गडी असतात, येथें एका वेळीं सहाच. पांच खेळणारे आणि एक गोलरक्षक. खेळ इतका दमविणारा आहे कीं मिनिटभरांत थकलेले गडी बाहेर येतात व ताज्या दमाचे आंत उतरतात, आणि ही अदलाबदल खेळ चालूं असतांनाच होते. वीस वीस मिनिटांचे तीन खंड मिळून एक सामना होतो.

अमेरिकेंतील कॉलेजें खेळासाठीं आपापले गट बांधतात. अशा गटाला ते ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. आमच्या हकीकतींतील गटाचें नांव ‘ईसीएसी हॉकी’. तो १९६१ सालीं निघाला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, ब्राउन व डार्टमथ हीं सहा जुनीं व नामांकित विद्यालयें त्यांत आहेत. आणि क्लार्कसन, सेंट लॉरेन्स, कोलगेट, रेन्सेलर, युनियन व क्विनिपिॲक हीं दुसरीं सहा. पूर्वीं बोस्टन शहरांतील मोठीं कॉलेजेंहि याच गटांत होतीं. १९८४ सालीं तीं व आणखी कांहीं कॉलेजें वेगळीं झालीं आणि त्यांनीं ‘हॉकी ईस्ट’ नांवाचा आपला निराळा गट काढला.

हिवाळाभर या बारा संघांपैकीं प्रत्येक संघ बाकीच्या अकरा संघांशीं दोनदां खेळतो; एकदां आपल्या मैदानावर, एकदां त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाचे बावीस सामने होतात. खेळाडू हे विद्यार्थी असल्यामुळें सामने बहुधा शुक्रवारीं व शनिवारीं ठेवतात, आणि सोमवारीं मुलें पुन्हां वर्गांत बसतात. प्रत्येक निकालाचे गुण मांडले जातात. बावीस सामन्यांअखेर ज्याचे गुण सर्वांत अधिक, त्याला ‘क्लीअरी चषक’ मिळतो. हार्वर्डचे जुने खेळाडू व पुढें तेथीलच क्रीडाशिक्षक झालेले बिल क्लीअरी यांचें नांव त्याला दिलें आहे. १९६० च्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत ते होते. हा पहिला चषक. सातत्याचा चषक असें आम्ही त्याला म्हणूं.

परंतु येथें वर्ष संपत नाहीं. मार्च महिना उजाडला कीं दुसरी परीक्षा सुरू होते, आणि तीच आमचा मुख्य विषय आहे. या स्पर्धेंत बाराही संघांना प्रवेश असतो. अगदीं तळाच्या संघालाहि. मात्र वर्षाची कमाई वाया जात नाहीं. पहिल्या चार संघांना पहिल्या फेरींत विश्रांति मिळते. पांचव्यापासून बाराव्यापर्यंतचे आठ संघ एकेक सामना खेळतात. पांचव्याशीं बारावा, सहाव्याशीं अकरावा, याप्रमाणें. सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होतो, म्हणून ज्यानें हिवाळाभर चांगला खेळ केला त्याला आपल्या घरच्या लोकांसमोर खेळण्याचा लाभ होतो. दुसऱ्या फेरींत आठ संघ उरतात. तेथें तीनपैकीं दोन सामने जिंकावे लागतात. एक दिवस वाईट गेला तरी सांवरण्यास वाव असतो. शेवटीं चार संघ उरले कीं ते सर्व एकाच गांवीं जमतात. शुक्रवारीं दोन उपान्त्य सामने व शनिवारीं अंतिम सामना. येथें मात्र दया नाहीं. एकदां हरला तो घरीं गेला. जो जिंकतो त्याला ‘व्हाइटलॉ चषक’ मिळतो, आणि सबंध अमेरिकेंतील सोळा संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत त्याचा प्रवेश आपोआप निश्चित होतो. हा दुसरा चषक, कसोटीचा.

या बाद सामन्यांत बरोबरी मान्य नसते. साठ मिनिटांत निकाल न लागला तर आणखी वीस मिनिटें, तरीहि न लागला तर पुन्हां वीस, असें एक गोल होईपर्यंत खेळतच राहावयाचें. १२ मार्च २०१० रोजीं क्विनिपिॲक व युनियन यांचा सामना अशा पांचव्या वाढीव खंडापर्यंत गेला. १५० मिनिटें व २२ सेकंद खेळ झाल्यावर क्विनिपिॲकचा तिसरा गोल झाला व युनियन ३–२ असा हरला. एका सामन्याच्या वेळांत अडीच सामने झाले! हरलेल्या संघानेंहि तेवढींच मिनिटें झुंज दिली होती, हें विसरूं नये.

पहिली स्पर्धा १९६२ सालीं बोस्टन येथें झाली व ती सेंट लॉरेन्सनें जिंकली. पुढें तीस वर्षें अंतिम सामने बोस्टनलाच होत. १९९३ पासून ते न्यूयॉर्क संस्थानांतील डोंगराळ भागांत, लेक प्लॅसिड या लहानशा गांवीं भरूं लागले. मग कांहीं वर्षें ऑल्बनी व ॲटलांटिक सिटी येथें भरून २०१४ सालीं ते पुन्हां लेक प्लॅसिडला आले. या गांवीं १९३२ व १९८० असें दोनदां हिवाळी ऑलिंपिक झालें. २२ फेब्रुवारी १९८० रोजीं तेथील याच मैदानावर बहुतांशीं कॉलेजांतून आलेल्या अमेरिकन तरुणांनीं रशियाच्या बलाढ्य संघाला ४–३ असें हरविलें. ज्या मैदानानें जगाला चकित केलें, त्यावर आपणहि एकदां उतरावें, अशी या बारा कॉलेजांतील प्रत्येक खेळाडूची आकांक्षा असते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हे दोन चषक नेहमीं एकाच हातीं जातात काय? मुळींच नाहीं. २०२१ पासून २०२५ पर्यंत सलग पांच वर्षें सातत्याचा क्लीअरी चषक क्विनिपिॲकनें मिळविला. त्या पांचही वर्षीं कसोटीचा चषक मात्र दुसऱ्यांनीं नेला. २०२१ सालीं सेंट लॉरेन्सनें, २०२२ सालीं हार्वर्डनें, २०२३ सालीं कोलगेटनें, आणि २०२४ व २०२५ सालीं कॉर्नेलनें. उलट २०१८ सालीं प्रिन्स्टनचा संघ सातव्या क्रमांकावर होता. त्यानें उपान्त्य सामन्यांत पहिल्या क्रमांकाच्या कॉर्नेलला हरविलें, व अंतिम सामन्यांत वाढीव वेळांत क्लार्कसनचा २–१ असा पाडाव करून चषक नेला. मागें पडलेल्यालाहि दार उघडें ठेवावें, याचें सार्थक त्या दिवशीं झालें.

मग वर्षभर झटणाऱ्या क्विनिपिॲकवर अन्याय झाला काय? घाईनें उत्तर देऊं नये. २०२३ सालीं तो संघ लेक प्लॅसिड येथें कोलगेटकडून हरला. परंतु राष्ट्रीय स्पर्धेंत गटविजेत्यांशिवाय दुसऱ्या संघांनाहि घेतात, आणि ते वर्षाची सारी कामगिरी तोलून घेतात. तीच कमाई क्विनिपिॲकच्या उपयोगीं पडली. तो आंत आला, अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि मिनेसोटाविरुद्ध वाढीव खंडाच्या अवघ्या दहाव्या सेकंदास गोल करून ३–२ असा सबंध देशाचा विजेता झाला.

याहूनहि नवलाची गोष्ट २०१३ सालची. येलचा संघ ॲटलांटिक सिटी येथें उपान्त्य सामन्यांत युनियनकडून ५–० असा हरला, आणि दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या क्रमांकासाठीं खेळतांना क्विनिपिॲककडून ३–० असा. दोन दिवसांत आठ गोल अंगावर, व स्वतःचा एकहि नाहीं! परंतु वर्षभराच्या शिल्लकीवर तो राष्ट्रीय स्पर्धेंत कसाबसा शिरला. आणि १३ एप्रिल रोजीं पिट्सबर्ग येथें अंतिम सामन्यांत, ज्या क्विनिपिॲकनें त्याला त्या वर्षीं तीनदां हरविलें होतें, त्यालाच ४–० असें हरवून तो राष्ट्रविजेता झाला. ॲटलांटिक सिटीहून परततांना त्या मुलांनीं ‘आपण नालायक’ असा निकाल स्वतःवर लावून घेतला असता, तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

आतां शेवटची हकीकत. २०२०–२१ च्या हिवाळ्यांत कोरोनाच्या साथीमुळें आठ कॉलेजांनीं आपले संघ उतरविलेच नाहींत. चारच संघ खेळले. २० मार्च २०२१ रोजीं सेंट लॉरेन्सनें क्विनिपिॲकच्या घरच्या मैदानावर वाढीव वेळांत ३–२ असा विजय मिळवून चषक जिंकला. राष्ट्रीय स्पर्धेचें दार उघडलें. इतक्यांत त्यांच्या क्रीडाशिक्षकांस साथीची बाधा झाल्याचें आढळलें, व नियमाप्रमाणें संघाला मागें घ्यावें लागलें. त्यांच्या जागीं त्यांनींच हरविलेला क्विनिपिॲकचा संघ गेला. मुलांचा कांहींएक दोष नव्हता. परंतु चषक त्यांचा तो त्यांचाच राहिला, आणि १९६२ पासूनच्या विजेत्यांच्या यादींत त्या वर्षापुढें त्यांचेंच नांव आहे.

या हकीकती आम्हांस विशेष जवळच्या वाटतात, याचें एक कारण आहे, तें सांगून टाकतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. वार्षिक परीक्षेंत त्याचा गणिताचा पेपर अगदींच वाईट गेला, आणि आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यास केलेला नाहीं’ असा शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. त्यांनीं त्याच्या वर्षभराच्या वह्या आमच्या टेबलावर ठेवल्या, नमस्कार केला, व कांहींएक न बोलतां ते निघून गेले. वह्या आम्हींच तपासलेल्या होत्या. पानोपानीं आमचीच सही होती. तो शेरा आम्हीं खोडला. परंतु तो लिहिणारा हात आमचाच होता, याचा विसर आम्हांस अद्याप पडलेला नाहीं.

त्या मुलाला क्लीअरी चषक द्यावयास आमच्याजवळ काय होतें? कांहींच नव्हतें. आमच्या प्रगतिपुस्तकांत एकाच चषकाला जागा होती. बारा कॉलेजांच्या या गटाचें शहाणपण आम्हांस दिसतें तें येथें. त्यांनीं सातत्याला एक मान दिला व कसोटीला दुसरा, आणि दोहोंपैकीं एकालाहि दुसऱ्याचा निकाल पुसूं दिला नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, परीक्षेचा दिवस हलका लेखूं नका. शनिवारच्या सामन्याला उतरावेंच लागतें, आणि त्या दिवशीं डोकें शांत ठेवणें ही देखील एक विद्याच आहे. परंतु तो दिवस बिघडला तर बावीस सामन्यांची आपली कमाई कोणी चोरून नेली असें समजूं नका. तीच पुढें कोठें तरी दार उघडते. आणि पालकहो, निकालाचा कागद हातीं आला म्हणजे तेवढाच वाचून थांबूं नका. मुलाच्या वह्याहि एकदां मागवून घ्या.