घोषणेवर घेतलेला गुंठा

नाशिकमध्ये जागेचं बोलणं भावाआधी घोषणेपासून सुरू होतं. 'इथून मेट्रो जाणार', 'रेल्वे येतेय', 'कुंभाआधी घेऊन टाका, नंतर हाती लागणार नाही.' प्रकल्प जाहीर झाला की भाव दुप्पट होणारच, हा या शहरातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

1 फेब्रुवारी 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओसाठी 2,092 कोटी रुपये जाहीर झाले. तिचा एकही खांब अजून उभा राहिलेला नाही. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेसाठी सिन्नर तालुक्यात भूसंपादनही सुरू झालं होतं. पण नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून रेल्वे मंत्रालयाने तो मार्गच नाकारला. त्या रेषेच्या भरवशावर जागा घेणाऱ्यांचे पैसे अडकून पडले.

समृद्धी महामार्ग मात्र झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तरीही 'समृद्धीला लागून जागा' या शब्दांना भुलू नये. या रस्त्यावर वाटेल तिथून चढता येत नाही. सिन्नरजवळचं गोंदे, भरवीर, इगतपुरी अशा ठरावीक इंटरचेंजवरूनच ये-जा होते. कुंपणापलीकडच्या शेताला त्या रस्त्याचा आवाज मिळतो, वाट मिळत नाही.

'दहा वर्षांत फ्लॅट दुप्पट झाला' हेही अभिमानाने सांगितलं जातं. चक्रवाढीने मांडलं तर ही वाढ वर्षाला साधारण 7.2 टक्के भरते. एप्रिल 2020 पासून पीपीएफचा दर 7.1 टक्के आहे आणि त्यावर कर नाही. फ्लॅटच्या हिशोबातून मुद्रांक शुल्क, मेंटेनन्स, घरपट्टी, विकताना भांडवली नफ्यावरचा कर वजा करायचा असतो. भाडं जमेला धरावं, पण कुलूप लागलेल्या महिन्यांसकट. राहायला घर घेणं वेगळं. त्याचं मोल असं टक्क्यांत मोजू नये.

रेडी रेकनरची गल्लत तर दर एप्रिलला होते. 2025-26 साठी नाशिक महापालिका क्षेत्रात हे दर सरासरी 7.31 टक्क्यांनी वाढले आणि जागा तेवढ्याच महागल्या, असं अनेकांनी धरलं. रेडी रेकनर मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. गिऱ्हाईक त्या दराला बांधलेलं नसतं.

सगळ्यात जपून पाहायची गोष्ट गोदावरी. 'नदीकाठी घर' हे जाहिरातीत छान दिसतं. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, यावर नाशिककर पूर मोजतात, आणि सप्टेंबर 2008च्या पुराने काठच्या वस्त्यांची काय गत केली हे जुन्या रहिवाशांना पाठ आहे. त्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला जवळपास मज्जावच आहे. पावसाळा कोरडा गेला म्हणून ही रेषा सरकत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की आपला सर्व्हे नंबर रेषेच्या आत की बाहेर, आरक्षणात आहे का, हे कळतं. तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी आरक्षण आहे. तिथली स्वस्त जागा स्वस्त का, याचं उत्तर त्याच नकाशात मिळतं.

'सातबारावर नाव आहे, म्हणजे मालक' हा समज शिकलेल्यांतही घट्ट आहे. सातबारा हा महसुली अभिलेख. उलट सिद्ध होईपर्यंतच तो खरा धरतात. मालकी ठरते खरेदीखत आणि वारसहक्काच्या साखळीवरून. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कोर्टाचा दावा दिसू शकतो. 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय सहसा विक्री होत नाही. आणि शेतजमीन असेल, तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीविना घेता येत नाही, मग एजंट तिला फार्महाऊस प्लॉट म्हणो की आणखी काही.

महारेराचा नंबर म्हणजे इमारत वेळेत होण्याची हमी, असंही समजू नये. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्तीच नाही. जिथे नंबर आहे, तिथे मंजूर नकाशे, पूर्ण होण्याची तारीख आणि दिलेली मुदतवाढ महारेराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. टोकनचा चेक लिहिण्याआधी हे सगळं पाहा, आणि कागद आपल्या वकिलाकडून तपासून घ्या, बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे.