काचेच्या कपाटातला बेंजो

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर पाऊस नुकताच थांबलाय. गल्लीच्या तोंडाशी मंडळाची खोली. आत करंडक, बाप्पांचे जुने फोटो आणि भिंतीला लागून काचेचं कपाट. वरच्या फळीवर एक जुना बेंजो, शेजारी रबर झिजलेला ऑक्टापॅड. त्याच्या आठ चौकोनांवर चिकटपट्ट्या, पेनानं लिहिलेल्या: ढोल, ताशा, हलगी, संबळ. बाकीची शाई घामानं पुसलीय. पुढ्यात पुठ्ठा: 'आपली सुरुवात'.

इलेक्ट्रॉनिक संगीताचं अख्खं संग्रहालय फ्रँकफर्टला २०२२ मध्ये उघडलं. आमचं हे एवढंच, आणि कपाटाला चपलांचा स्टँड टेकवलेला.

बेंजोचं मूळ जपानचं, नागोयात १९१२ साली निघालेलं ताइशोगोतो. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं. मग कुणीतरी पिकअप लावून ते अँप्लिफायरला जोडलं आणि थेट गणपतीपुढे आणलं. ऑक्टापॅडही जपानीच, १९८५ साली रोलँडनं काढलेला.

"हे ऐका काका, आपल्या मुंबईतलंच आहे," पॅडवाला पोरगा फोन पुढे करतो. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये रोलँडचीच तीन यंत्रं, ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८, घेऊन त्यानं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड फारशी खपली नाही. त्याच ३०३ मधून शिकागोच्या पोरांनी अॅसिड हाऊस काढलं ते १९८७ मध्ये. चरणजितची तबकडी २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाचे कान टवकारले. २०१५ मध्ये ते गेले.

बेंजोवाले काका डोळे मिटून ऐकतात. "भैरवी आहे. झकास. पण हलगी कुठंय?"

बाहेर ट्रॉलीवर जनरेटर धडधडतोय. आज आगमनाची सुपारी आहे, सातला निघायचं, साडेसहा वाजलेत. आणि नेमकं काकांच्या बेंजोचं एक बटण खाली बसतं ते वर येईना. तेल घालून होतं, फुंकर मारून होते. शेवटी काका उठतात, चपलांचा स्टँड बाजूला करतात, काच सरकवतात. जुना बेंजो मांडीवर. पट्टी उघडून ते चिमट्यानं बटणाखालची स्प्रिंग उचलतात. केसाएवढ्या तारेची, टोकाला थोडी गंजलेली.

"अहो, ते शोला ठेवलंय ना?"

"शोला कसलं? स्पेअरला."

पुठ्ठा खाली पडलाय, कुणी उचलत नाही. स्प्रिंग नव्या बेंजोत बसते, काका बटण चारदा दाबून बघतात. चौथ्यांदा किंचित अडकतं. "चालतंय, चालतंय," म्हणत ते ट्रॉलीवर चढतात, पोरगा पॅडवर प्लास्टिक ओढतो, कारण आभाळ परत भरून आलंय.

पहिला ठेका पडतो. वरून मेट्रो गेली बहुतेक. ऐकू काही आली नाही.